एकशेपाच

रविवारची दुपार. एडिसनच्या रस्त्याकडेला आठवड्यापूर्वीचा बर्फ काळा पडून बसलेला, आणि मी हॉट योगाच्या स्टुडिओत बूट काढत उभी. आतल्या दारावर पाटी : तापमान १०५.

इतकी वर्षं न्यू जर्सीत काढल्यावर फॅरनहाइट अंगवळणी पडलंय. पण आकडा शंभरी ओलांडून गेला की माझं डोकं परत अकोल्याचं होतं. आपल्याकडे हवा सेल्सिअसमध्ये आणि ताप फॅरनहाइटमध्ये. त्यामुळे १०५ म्हणजे हवा नव्हेच. १०५ म्हणजे कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या, उशाशी आई आणि ऑटो बघायला धावलेले बाबा. तसल्या तापात मी आपल्या पायांनी शिरले, काखेत चटई घेऊन.

हिशेब केला तर ४० आणि वर थोडं. म्हणजे आमचा एप्रिल. मे तर ४५ ला टेकतो.

९० मिनिटं, २६ आसनं. बिक्रम चौधरींनी कोलकात्याहून येऊन अमेरिकेला लावलेला हा क्रम. त्यावर त्यांना कॉपीराइटही हवा होता. २०१५ साली इथल्या अपील कोर्टाने तो मिळणार नाही असं सांगितलं. असा हक्क सांगणारा मला आधी एकच माहीत होता, माझा मोठा भाऊ : "कूलरमध्ये पाणी मी भरलं, समोर मीच झोपणार."

नळ यायचा चार-पाच दिवसांनी, आणि कूलर तर रोज बादल्या प्यायचा. तरी ताट्या नव्या असल्या की पहिल्या दिवशी ओल्या वाळ्याचा असा वास सुटायचा, की भांडणारेही गप्प पडायचे. खिडक्यांना ओल्या चादरी, फरशीवर ओळीने आम्ही मामे-मावस सगळी, आणि बाहेर नवतपा. एक ते पाच दार उघडायचं नाही. घाम आलाच तर तो पुसायचा, त्याचं कौतुक करायचं नाही.

इथे कौतुकच चाललं होतं. शेजारच्या बाईंचा घाम माझ्या चटईपर्यंत आला (दुसऱ्याचा घाम मला लोकलमध्येही सोसला नाही कधी) आणि बाई डोळे मिटून प्रसन्न. शिकवणारी मुलगी म्हणाली, काहीही झालं तरी खोलीबाहेर जाऊ नका. हे वाक्य मी आधी ऐकलंय, फक्त ते दाराच्या थंड बाजूला होतं.

उष्ट्रासनात मान मागे टाकली आणि छतावरचे दिवे फिरायला लागले. खाली बसले. उंटाला वाळवंट झेपतं, मी वऱ्हाडातली असूनही मला नाही झेपलं. पन्ह्याचा एक पेला कोणी हातात दिला असता तर उरलेली आसनंही केली असती.

रात्री फोनवर आईला सांगितलं. ती आधी पोट धरून हसली. "पैसे कायले देतं व? मे मयन्यात इकडंच ये नं, फुकटात हाये." मग एकदम काळजीने, "कांदा होता का जवळ?"

शाळेतून येताना ऊन लागू नये म्हणून दप्तराच्या खिशात कांदा, तो.

म्हटलं, आई, योगाच्या पँटला खिसा नसतो.

"मंग पिशवीत ठेव."

दहा वर्गांचे पैसे आगाऊ भरलेत. नऊ उरलेत. पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात, पाण्याच्या बाटलीशेजारी, सध्या एक छोटा लाल कांदा आहे.