तळहातावर मावेल एवढं प्रार्थनापुस्तक

आज न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स म्युझियममध्ये झान देव्रो या फ्रान्सच्या राणीचं प्रार्थनापुस्तक बघितलं आणि खरंच, काचेसमोरून हलवेना. झां प्युसेल नावाच्या चित्रकाराचं काम, पॅरिस, साधारण १३२४ ते १३२८, आणि उंची जेमतेम ९ सेंटिमीटर! एवढ्याशा पानात अख्खा प्रसंग, तोही बहुतेक करड्या छटांत, चेहऱ्यांवर सावली इतकी नाजूक की माणसं कोरल्यासारखी वाटतात. आणि खाली समासात खेळणारी माणसं, प्राणी, काय काय चाललेलं असतं. मला तर समासच जास्त आवडले.

त्या काळी असं पुस्तक करायचं म्हणजे पानांसाठी जनावराचं कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवा, चौकटीवर ताणून खरवडा, मग लेखनिक मजकूर लिहिणार आणि चित्रासाठी जागा सोडणार. सोन्याचा वर्ख लावायचा असेल तर तो रंगांच्या आधी, कारण नंतर लावला तर रंगाला चिकटतो आणि घोटताना, म्हणजे चमक यावी म्हणून घासताना, चित्र खराब होतं. घोटायला कुत्र्याचा दात नाहीतर गुळगुळीत दगड!

न्यूयॉर्कच्या बाजूला कोणी असाल तर नक्की जा, आणि घाई करू नका, काचेत एका वेळी दोनच पानं उघडी असतात पण तेवढ्यातच अर्धा तास सहज जातो.