पी/ए सॉफ्ट

केसपेपरवर पोटाच्या तपासणीसाठी आम्ही 'पी/ए' लिहितो, म्हणजे पर अ‍ॅब्डोमेन. त्यापुढे 'सॉफ्ट' लिहिलं की झालं. पोट मऊ आहे, पुढचा पेशंट पाठवा. हा शब्द मी आजवर किती हजार वेळा लिहिला असेल, देव जाणे. त्यातला एक अजून सलतो.

मी तेव्हा माणदेशातल्या एका ग्रामीण रुग्णालयात होतो. सोमवारी तिथं आठवडी बाजार भरतो आणि त्या दिवशी ओपीडी दुप्पट होते, कारण लोक एकाच खेपेत बाजार आणि दवाखाना उरकतात. गर्दीतून एक आजी येऊन स्टुलावर बसली. सत्तरी ओलांडलेली, अंगावर मांस नाही, काष्टा घट्ट मारलेलं नऊवारी. मुलगा म्हणाला, "कालपास्नं वकाऱ्या थांबंनात. पोटात कळ मारतीया." मी बसल्या जागेवरूनच लुगड्यावरून बेंबीपाशी हात दाबला आणि कुठं दुखतं विचारलं. "समद्याच पोटात," आजी म्हणाली. पुढं पायात काटा मोडल्याचंही काहीतरी सांगत होती. उलटीचा पेशंट आणि पायातला काटा! मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. पित्ताची गोळी, उलटीची गोळी, पी/ए सॉफ्ट.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला सिस्टरचा फोन आला, "सर, कालची आजी परत आलीय. लवकर या."

आजीची जीभ कोरडी, डोळे खोल गेलेले, नाडी ११० च्या पुढे. उलटी आता हिरवी नव्हती. तपकिरी होती आणि तिला शौचाचा वास येत होता. तो वास आला की बहुतेक निदान झाल्यातच जमा असतं. आतडं कुठंतरी अडलंय, खाली वाट नाही म्हणून माल वर येतोय. मी विचारलं, "आजी, वारं सरतंय का?" तिनं मान हलवली. दोन दिवस काहीच नाही.

यावेळी तिला टेबलावर उताणी झोपवली, गुडघे वाकवायला लावले आणि हात चोळून गरम केले. आधी नुसतं बघायचं. आम्हाला कॉलेजात सर बजावून सांगायचे, पण ओपीडीत कोण थांबतं? इथं थांबलो आणि दिसलं. पोट फुगलेलं, आणि त्या पातळ कातडीखालून आतडं वळवळत होतं. पांघरुणाखाली झोपलेल्या पोरानं कूस बदलावी तशी एक लाट डावीकडून उठायची, बेंबीपर्यंत यायची आणि विरायची. लाट उठली की आजी ओठ आवळायची. कळ म्हणजे तीच.

मग स्टेथोस्कोप. पोटाचं तंत्र छातीपेक्षा उलटं असतं. इथं ठोकण्या-दाबण्याआधी ऐकायचं, कारण दाबलं की आतड्याचे आवाज बदलतात. रिकाम्या घागरीत थेंब पडावेत तसा टणटण, बारीक, वरच्या पट्टीतला आवाज येत होता. बोटानं ठोकलं तर हलगीसारखं घुमलं. म्हणजे आत हवा. दाबताना मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. पोट फुगलेलं होतं, पण फळीसारखं कडक नव्हतं. आतडं अजून फुटलेलं नसावं.

अडलंय हे कळलं, पण कशानं? पोटाचं जुनं ऑपरेशन झालेलं असलं की आतडी एकमेकांना चिकटून अडतात. पोटावर तसा एकही व्रण नव्हता. व्रण नसलेलं पोट अडलं तर हर्नियाच्या, म्हणजे आतडं फटीतून बाहेर घुसू शकतं त्या, सगळ्या जागा बघायच्याच. सरांच्या भाषेत पोट छातीपासून सुरू होतं आणि गुडघ्यापाशी संपतं. माझं कालचं पोट लुगड्याच्या गाठीपाशी संपलं होतं.

"आजी, काष्टा सोडावा लागेल."

"आगं बया! त्ये कशाला?"

सिस्टरनं पडदा ओढला, मुलाला बाहेर घालवलं आणि बाकीचं तिनंच सांभाळलं. उजव्या जांघेत, मांडीच्या मुळाशी, सुपारीएवढी गाठ होती. टणक, वरची कातडी लालसर. बोट टेकवताच आजीनं माझं मनगट धरलं.

"त्ये अवधाण हाय, लेकरा. काटा मोडला न्हाई का? काल सांगितलं की तुला."

पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, म्हणजे गाठ उठते, हे तिचं बरोबरच होतं. काटाही खरोखर मोडला होता, टाचेत काळा ठिपका होता. पण जांघेतल्या हाडाचा उंचवटा चाचपला, तर गाठ त्याच्या खाली आणि बाहेरच्या अंगाला होती. खोकायला लावलं तरी हलेना. मांडीच्या मुळातल्या अरुंद फटीत आतडं शिरून आवळलं गेलं होतं. फिमोरल हर्निया. हा बायकांत जास्त आढळतो, विशेषतः म्हाताऱ्या आणि कृश बायकांत. त्याच्या तोंडाशी कडा ताठ असतात, त्यामुळे आतड्याचा रक्तपुरवठा लवकर तुटतो. असली गाठ हातानं आत ढकलायची नाही. आतडं काळं पडलेलं असलं तर ते तसंच पोटात जातं.

अपेंडिक्सचं पोरगं आलं की आम्ही केवढ्या इतमामानं तपासतो! न्यूयॉर्कच्या चार्ल्स मॅकबर्नींनी १८८९ मध्ये दाखवून दिलेला बिंदू शोधायचा, दाबायचा, तोंडाकडे बघायचं. उलट्या करणाऱ्या म्हातारीच्या वाट्याला असा इतमाम येत नाही.

नाकातून नळी घातली तेव्हा लिटरभर घाण निघाली. सलाईन, लघवीची नळी, अँटिबायोटिक. मग १०८ ला फोन. जिल्ह्याला सर्जनशी बोललो, तेव्हा तो ऐकून घेऊन म्हणाला, "पाठव. कालच्या कागदाचा फोटोही पाठव." पाठवला. त्यानं त्यावर काही म्हटलं नाही. दीडला त्याचा मेसेज आला, आतड्याचा बोटभर तुकडा काळा पडला होता, कापून जोडलं.

महिनाभरानं, पुन्हा बाजाराच्याच दिवशी, आजी आली. सोबत सून आणि पिशवीत हुलग्यांची पुडी. या खेपेला तक्रार फक्त खोकल्याची होती. मी स्टेथोस्कोप कानाला लावेपर्यंत आजी स्टूल सोडून टेबलावर चढली, आडवी झाली आणि निऱ्यांना हात घालत सुनेला म्हणाली, "पडदा वढ गं. ह्यो आधी हितंच बघतूय."