पंचवीस तासांचा दिवस

जहाजाला बंदर नसलं की पाहुण्यांना आराम असतो. हाउसकीपिंगवाल्यांना मात्र तोच दिवस सगळ्यात जड जातो. बंदरात पाहुणे सकाळी उतरतात, केबिन मोकळ्या मिळतात. भर समुद्रात कुणी दहापर्यंत झोपलेलं असतं, कुणी अंगात गाऊन घालून बाल्कनीत बसलेलं. माझ्याकडे 18 केबिन होत्या. सकाळी एक फेरी, संध्याकाळी दुसरी.

नोव्हेंबर होता. युरोपचा हंगाम आटपून आम्ही बार्सिलोनाहून फ्लोरिडाला निघालो होतो. कॅनरी बेटांतलं टेनेरिफ सोडल्यावर पुढे 8 दिवस जमीन नाही. पश्चिमेला जाताना दर 15 रेखांशांमागे घड्याळ एक तास मागे घ्यावं लागतं, त्यामुळे या पट्ट्यात पाच दिवस 25 तासांचे होणार होते. खालच्या डेकवर आम्ही त्या जादा तासाची पगारासारखी वाट बघायचो. तो तास झोपेचा, त्यात दुसरं काही करायचा विचारही कुणी करत नाही. आमच्या केबिनला खिडकी नसते. चार महिने मी पाण्यावर होतो आणि पाण्याकडे धड पाहिलं नव्हतं.

एका बाल्कनीच्या केबिनमध्ये वेल्सचे एक वयस्कर जोडपं होतं. आजोबा निवृत्त शिक्षक. त्यांच्या नजरेचा मधला भाग गेलेला, फक्त कडेकडेचं दिसायचं. त्या दिवशी आजी खाली कुठल्यातरी वर्गाला गेल्या होत्या. मी पलंगाची चादर ओढत होतो, तेवढ्यात बाहेरून ते म्हणाले, “बायको मला रोज सांगते की समुद्र निळा आहे. तुम्ही जरा नीट सांगाल का?”

मी हातातली उशी ठेवून बाहेर गेलो. निळा होताच, पण तो आमच्या मालवणचा नव्हे. आमच्याकडे खाड्यांचा गाळ येतो, पाणी हिरवट असतं, पावसाळ्यात तर चहासारखं. इथं गाळ नाही, सूक्ष्म जीवही थोडेच, म्हणून तो रंग पेनातल्या शाईसारखा गडद. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, “पुढे?”

त्या ‘पुढे’मुळे मला खरं बघावं लागलं. पाण्यावर पिवळसर तपकिरी शेवाळाचे लांब पट्टे होते, मळणी झाल्यावर खळ्यात पेंढा पसरावा तसे. ते सगळे वाऱ्याच्या दिशेने आखलेले. हे सारगॅसम. 1492 मध्ये कोलंबसच्या खलाशांनीही याच वाटेवर ते पाहिलं होतं. कॅनरी बेटं सोडून जमीन दिसेपर्यंत त्यांना 36 दिवस लागले होते.

“वारा का नाही?” त्यांनी विचारलं. “आपण तर वेगात जातोय.”

वारा होता, पण पाठचा. इथे व्यापारी वारे ईशान्येकडून वाहतात आणि आम्ही जवळपास त्याच वेगाने, 18 नॉटने, त्यांच्याबरोबर चाललो होतो. म्हणून डेकवर पान हलत नव्हतं आणि चिमणीचा धूर सरळ वर जात होता. माझे बाबा रापणीला, किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायला जायचे. वारा कुठला, पाखरं कुठे घिरट्या घालतात, पाण्याचा रंग कुठे बदललाय, हे ते किनाऱ्यावर उभे राहून सांगत. मला त्यातलं अर्धंही येत नाही, पण त्या क्षणी जे आठवलं ते सगळं मी सांगून टाकलं.

आणि मासे उडाले. जहाजाच्या लाटेतून तीस-चाळीस चंदेरी मासे एकदम बाहेर आले, पंख ताणून पाण्याला चिकटून लांबवर तरंगत गेले. मी मराठीतच ओरडलो. “किती? किती लांब?” आजोबा उठून उभेच राहिले. त्यांनी मान किंचित वळवली, डोळ्याच्या कडेने बघता यावं म्हणून. पुढच्या थव्यातली एक चमक त्यांना दिसली. दिसली म्हणून त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला की मला काही बोलवेना.

तिथे माझी पंधरा मिनिटं गेली. सुपरवायझरचा फोन दोनदा वाजला, संध्याकाळची फेरी रात्री दहाच्या पुढे सरकली. त्याचं मला काही वाटलं नाही.

रात्री दोनला घड्याळ मागे गेलं. आमचा नाकाडावरचा, जहाजाच्या पुढच्या टोकाचा, खलाशांचा डेक तेव्हा काळोखात असतो, समोर दिवा लावलेला ब्रिजला, म्हणजे जहाज हाकणाऱ्यांना, चालत नाही. मी झोपलो नाही, तिथे जाऊन बसलो. मृग जवळजवळ डोक्यावर आला होता. खाली पाच हजार मीटर पाणी, असं कप्तान दुपारच्या घोषणेत म्हणाले होते. नाकाडाने कापलेला फेस मधूनच हिरवट चमकायचा. गावी काळोख्या रात्री, होडीच्या वल्ह्याला, मी तो पाहिला होता.

सकाळी साडेआठला दार वाजवलं. आजींनी उघडलं. आजोबा बाल्कनीतच होते, आणि दुसरी खुर्ची त्यांनी आपल्या शेजारी ओढून ठेवली होती.