दुसऱ्या पसंतीचे सरकार : ब्रिटिश कोलंबिया, १९५२

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, बर्नबीच्या डोंगरमाथ्यावरील सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या ग्रंथालयाला डब्ल्यू. ए. सी. बेनेट यांचे नाव आहे. प्रांताच्या उत्तरेस पीस नदीवर बांधलेले प्रचंड धरणही त्यांच्याच नावाचे आहे आणि व्हँकुव्हर बेटावर जाताना आम्ही मोटारीसह जिच्या बोटीत चढतो, ती फेरीसेवाही त्यांच्याच कारकिर्दीत सरकारने सुरू केली. बेनेट सलग वीस वर्षे येथील प्रीमियर, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत मुख्यमंत्री, होते. ते सत्तेवर कसे आले हे मी २०१८ च्या शरद ऋतूत वाचू लागले, कारण प्रांताची मतदानपद्धती बदलावी का, असे विचारणारी सार्वमताची मतपत्रिका तेव्हा टपालाने घरी आली होती. पसंतीक्रमाने मतदान करण्याचा प्रयोग या प्रांताने पूर्वी एकदा केला होता, हे मला तेव्हाच कळले.

१९४१ पासून येथे लिबरल आणि कॉन्झर्व्हेटिव्ह या दोन जुन्या पक्षांचे संयुक्त सरकार होते. दोघांना एकत्र बांधणारा धागा एकच होता : समाजवादी विचारांच्या को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशनला, म्हणजे सीसीएफला, सत्तेपासून दूर ठेवणे. १९४९ च्या निवडणुकीत या आघाडीने ४८ पैकी ३९ जागा जिंकल्या. परंतु आतून ती पोखरली जात होती, आणि त्याच काळात आलेल्या सक्तीच्या रुग्णालय विमा योजनेच्या वर्गणीमुळे लोकही चिडलेले होते. आपण वेगळे लढलो तर मते फुटून सीसीएफचा फायदा होईल, ही भीती दोन्ही पक्षांना होती. म्हणून निवडणूक कायदा बदलून मतदाराने उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रमांक लिहावेत, आणि कोणालाही निम्म्याहून अधिक मते न मिळाल्यास शेवटच्या उमेदवाराला बाद करून त्याची मते पुढच्या पसंतीप्रमाणे वाटावीत, अशी तरतूद करण्यात आली. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत व्ही. व्ही. गिरी दुसऱ्या पसंतीच्या मतांवर निवडून आले, हे ज्यांना आठवते त्यांना ही पद्धत समजावून सांगायला नको. लिबरल मतदार दुसरी पसंती कॉन्झर्व्हेटिव्हला देईल आणि कॉन्झर्व्हेटिव्ह मतदार लिबरलला, असा कायदा करणाऱ्यांचा हिशेब होता. जानेवारी १९५२ मध्ये प्रीमियर बायरन जॉन्सन यांनी कॉन्झर्व्हेटिव्ह नेते हर्बर्ट अँस्कॉम्ब यांना मंत्रिमंडळातून काढले आणि आघाडी संपली.

मतदान १२ जून १९५२ रोजी झाले. अनेक सदस्य निवडणाऱ्या शहरी मतदारसंघांत प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र मतपत्रिका होती, शिवाय दारूविक्री आणि उन्हाळ्यात घड्याळे पुढे करणे या दोन प्रश्नांवरही कौल मागितलेला होता. पहिल्या पसंतीच्या मतांत सीसीएफ सर्वांत पुढे राहिली. बाद झालेल्यांची मते वाटण्याचे काम मात्र कित्येक आठवडे चालले, आणि त्यातून जे उभे राहिले ते कोणाच्याच हिशेबात नव्हते. सोशल क्रेडिट हा शेजारच्या अल्बर्टात १९३५ पासून सत्तेवर असलेला पक्ष. ब्रिटिश कोलंबियात १९४९ मध्ये त्याला एकही जागा मिळाली नव्हती. त्याला आता १९ जागा मिळाल्या, सीसीएफला १८, लिबरल ६, कॉन्झर्व्हेटिव्ह ४, आणि फर्नीच्या खाणपट्ट्यातून मजूर उमेदवार टॉम अपहिल. जॉन्सन आणि अँस्कॉम्ब दोघेही स्वतःच्या जागा गमावून बसले. एकमेकांवर रागावलेल्या त्यांच्या मतदारांनी दुसरी पसंती परस्परांना न देता नवख्या पक्षाला दिली होती. सीसीएफच्या अनेक मतदारांनीही जुन्या पक्षांपेक्षा तोच बरा मानला होता. पसंतीक्रम वाईट होता असे मला म्हणायचे नाही. मतदाराची दुसरी पसंती आपल्या खिशात आहे असे धरून कायदा लिहिणे, ही त्यांची खरी चूक होती.

जिंकलेल्या पक्षाला विधिमंडळात नेताच नव्हता, कारण प्रचाराची धुरा वाहणारे अर्नेस्ट हॅन्सेल हे अल्बर्टाचे खासदार होते आणि ते येथे उमेदवारही नव्हते. त्याच वर्षी मुंबई राज्यात मोरारजी देसाई स्वतःची जागा हरूनही मुख्यमंत्री झाले होते, याची आठवण येथे होते. १५ जुलैला सोशल क्रेडिटच्या नव्या आमदारांनी केलोनाचे हार्डवेअर व्यापारी आणि पूर्वाश्रमीचे कॉन्झर्व्हेटिव्ह आमदार बेनेट यांना नेता निवडले, आणि १ ऑगस्टला नायब राज्यपाल क्लॅरेन्स वॉलेस यांनी त्यांना शपथ दिली. सभागृहाचा अनुभव असलेले त्या पक्षात बेनेट आणि टिली रोलस्टन असे दोघेच होते; रोलस्टन शिक्षणमंत्री झाल्या. १९५३ च्या मार्चमध्ये शाळांच्या अनुदानाच्या विधेयकावर सरकार पडले, आणि जूनच्या निवडणुकीत बेनेट यांनी २८ जागांचे बहुमत मिळवले. त्यानंतर पसंतीक्रमाचा कायदाच रद्द झाला.

या निकालात मला सर्वांत जवळची वाटते ती मतदारयादी. १९०७ मध्ये या प्रांताने हिंदुस्थानातून आलेल्यांचा मताधिकार काढून घेतला होता आणि तो १९४७ मध्ये परत दिला. त्यामुळे लाकूडगिरण्यांत उमेदीची वर्षे घालवलेले पंजाबी कामगार १९५२ मध्ये प्रांतिक निवडणुकीत अवघे दुसऱ्यांदा मत देत होते. येथील मूळनिवासींना हा हक्क १९४९ मध्ये मिळाला आणि त्याच वर्षी निसगा समाजाचे फ्रँक काल्डर सीसीएफतर्फे अ‍ॅटलिनमधून निवडून आले. १९५२ मध्येही त्यांनी जागा राखली. पुढे बेनेट यांचे धरण बांधताना त्सेक'एने या मूळनिवासी लोकांची भूमी पाण्याखाली गेली, हेही त्या ग्रंथालयाच्या पायऱ्या चढताना मला विसरता येत नाही.

३० ऑगस्ट १९७२ रोजी बेनेट हरले. सीसीएफचा वारसा सांगणारी न्यू डेमोक्रॅटिक पार्टी साध्या, एकाच खुणेच्या मतपत्रिकेवर बहुमताने सत्तेवर आली आणि तिच्या मंत्रिमंडळात फ्रँक काल्डर होते.