अंतरपाट कोण धरणार?

"अंतरपाट कोण धरणार मग, खेचरवाला?" आईने मेथी निवडता निवडता विचारलं आणि मी गप्पच.

आमचा पळून जाऊन लग्न करायचा प्लॅन म्हणजे उत्तराखंडातल्या चोपत्याहून पहाटे निघायचं, 3680 मीटरवर तुंगनाथच्या शंकराच्या देवळात दर्शन घ्यायचं, मग वर चंद्रशिला शिखरावर एकमेकांना हार घालायचे, फक्त आम्ही दोघं, ना बँड ना पंगत, नऊवारीखाली थर्मल घालायचं इथपर्यंत सगळं ठरलेलं. पण अंतरपाटाची दोन टोकं धरायला दोन माणसं लागतातच ना!

बरं, सरकारचंही तेच. स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली 30 दिवस आधी नोटीस, वर तीन साक्षीदार. पळून जायचं तेही वऱ्हाड घेऊन, कमाल आहे.

नोव्हेंबरच्या सुमारास देवळाचे दरवाजे बंद होतात, त्याआधी जायचंय. गुडघे शाबूत असलेलं कोणी येतंय का?