ऑलिंपोसमधला मंगळवार

मासिकाकडून आलेल्या सूचनांत एक ओळ ठळक अक्षरांत होती: फोटोत आजचं काहीही दिसता कामा नये. मोबाइल नको, प्लास्टिकच्या खुर्च्या नकोत, विजेच्या तारा नकोत. मलाही ते पटलं होतं. तसेच फोटो काढायला मी पुण्याहून अथेन्स आणि तिथून कार्पाथोस बेटावर पोचले.

बेटाच्या उत्तरेला, डोंगराच्या धारेवर ऑलिंपोस नावाचं गाव आहे. देवांचा ऑलिंपस पर्वत वेगळा, तो ग्रीसच्या मुख्य भूमीवर. समुद्री चाच्यांच्या भीतीने किनारा सोडून लोक इथे वर येऊन राहिले. डांबरी रस्ता अगदी अलीकडचा. इतकी वर्षं जगापासून लांब राहिल्यामुळे गावाची बोली टिकली. तिच्यात डोरिक या प्राचीन ग्रीक बोलीच्या खुणा अजून सापडतात. बायकांचे कपडेही टिकले. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, गडद रंगाचा घोळदार वेश, पायात कातड्याचे उंच बूट. म्हाताऱ्या बायका याच कपड्यांत शेतावर जातात, घराबाहेरच्या भट्टीत पाव भाजतात. माझी आजी जन्मभर नऊवारी नेसली, पण त्याला कुणी ‘पारंपरिक पोशाख’ म्हणालं असतं तर ती चमकलीच असती. त्यामुळे हा शब्द तिथे माझ्या तोंडून काही निघेना.

मी ऐंशीच्या घरातल्या एका यायाकडे उतरले होते. याया म्हणजे आजी. घर म्हणजे एकच मोठी खोली. एका बाजूला नक्षीचा उंच लाकडी माचा, त्यावर सगळ्यांची अंथरुणं, आणि भिंतीभर मांडलेल्या चिनी मातीच्या ताटल्या. हे घर तिला आईकडून मिळालं, आईला तिच्या आईकडून. इथे आईची मालमत्ता थोरल्या मुलीकडे जाते. त्या मुलीला ‘कानाकारा’ म्हणतात. सणाला तिच्या छातीवर सोन्याच्या नाण्यांच्या माळा रुळतात. यायाची नात सुट्टीला अथेन्सजवळच्या पिरेअसहून आली होती. आमची दुभाषी तीच.

१८ एप्रिल २०२३, इथल्या ऑर्थोडॉक्स पंथाच्या ख्रिस्त्यांच्या ईस्टरनंतरचा मंगळवार. गावाचा सर्वांत मोठा दिवस. सकाळची प्रार्थना संपली आणि चर्चमधले आयकॉन बाहेर निघाले. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आपल्यासारख्या घडीव मूर्ती नसतात. लाकडी फळीवर रंगवलेली ही संतचित्रंच पूजेला असतात. ती छातीशी धरून माणसं अरुंद गल्ल्यांतून उतरू लागली. पांढऱ्याफेक भिंती, गडद कपडे, डोक्यावर ऊन. कॅमेऱ्याचं प्रकाश मोजणारं मीटर भिंतींना फसत होतं आणि चेहरे काळे पडत होते. शेवटी मीटरचा नाद सोडला, एक्स्पोजर हाताने दीड स्टॉप वाढवलं आणि पुढे पळाले.

मिरवणूक आधी दफनभूमीत जाते. येशू उठला ही बातमी मेलेल्यांनाही कळली पाहिजे. पाद्री एकेका थडग्याशी थांबतो, धूप फिरवतो, तिथल्या मृतांची नावं घेऊन प्रार्थना म्हणतो. घाई नाही. थडग्यांवर घरच्यांनी ताटं मांडलेली असतात: गोड बिस्किटं, चीज, वाइन. प्रार्थना झाली की ते खाणं येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातावर ठेवतात. नको म्हणायचं नसतं, कारण ते त्या माणसाच्या नावाने दिलेलं असतं. मला पितृपक्षातलं पान आठवलं. इथे फक्त कावळ्याच्या जागी मी होते.

एका थडग्यापाशी पन्नाशीचा माणूस मोबाइल समोर धरून उभा होता. फ्रेम सुरेख होती, मधोमध तो मोबाइल. मी दोन पावलं डावीकडे सरकले, म्हणजे तो पाद्र्याच्या मागे जाईल. सरकताना पडदा दिसला. गाउन घातलेली एक म्हातारी स्वयंपाकघरात बसली होती. बाल्टिमोर, नात कुजबुजली. या गावची बरीच घरं कामधंद्यासाठी तिकडे, अमेरिकेत गेली आहेत. तिथे तेव्हा पहाटेचे चार वाजले असतील. आयकॉन जवळ आला तसा त्या माणसाने मोबाइल उंच केला आणि पडद्यातल्या बाईने कपाळ, पोट, उजवा खांदा, डावा खांदा असा क्रूस केला. थडगं तिच्या नवऱ्याचं होतं.

मी दोन पावलं परत उजवीकडे आले. मासिकाने तो फोटो घेतला नाही. माझ्या मते त्या दिवसाचा सगळ्यांत खरा फोटो तोच आहे, आणि तो माझ्या घरी भिंतीवर आहे.

तिथून मिरवणूक शेतांवरून, लहानलहान देवळांवरून फिरून चर्चपाशी परतली. आयकॉन आत नेण्याचा मान बोली लावून घेतात, पैसे चर्चला जातात. मग संध्याकाळी वाद्यं निघाली: तीन तारांची लिरा, छेडून वाजवायचं तंतुवाद्य लाउतो, बकऱ्याच्या कातड्याची फुंकून वाजवायची त्साम्बुना, आणि जागच्या जागी रचलेली दोन ओळींची गाणी, मांतिनादा. गाणारे मध्येच रडत होते.

यायाचं मन मात्र सकाळपासून कुठेतरी अडकलेलं होतं. थडग्यांवर काचेच्या छोट्या पेट्या असतात, आत दिवा आणि मृताचा फोटो. तिच्या नवऱ्याचा फोटो ओळखपत्रावरून मोठा केलेला, डोळे पुसट झालेले. “हा तो नाही,” ती दफनभूमीत दोनदा म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी मी बॅग भरत होते. ती दारात आली आणि बोट खाली डोंगरउताराकडे करून काहीतरी म्हणाली. नात गप्प. मी विचारलं तरी गप्प. मग यायाने आवाज चढवला.

“तुला म्हणतेय, पेदी मू, बाळ, माझा एक काढ. तिथल्यासाठी.” एवढं सांगून नात आत निघून गेली.

रुमाल बदलून याया उंबऱ्यावर बसली. सावली मऊ होती. मी आजूबाजूचं सगळं घेणारी ३५ मिलिमीटरची लेन्स काढून चेहरा जवळ आणणारी ८५ची लावली आणि गुडघ्यावर बसले. पहिला फोटो तिला दाखवला. रुमाल तिरका आहे, तिने खुणेने सांगितलं, आणि मागच्या भिंतीवरच्या ताटल्या दिसत नाहीत. दार सताड उघडलं, पुन्हा ३५ लावली. दुसरा तिने बराच वेळ डोळ्यांशी धरून पाहिला. मग दोन्ही तळवे समोरासमोर धरून मला माप दाखवलं. एवढाच हवा, मोठा केलास तर पेटीत बसणार नाही.