तोरांची बरणी आणि आगरातलं मीठ
गेल्या वर्षी चेपणीचे तोर, म्हणजे मिठात दाबून ठेवायच्या कोवळ्या कैऱ्या, घातले होते, पाकिटातलं बारीक मीठ वापरून, आणि महिन्याभरात सगळे लिबलिबीत. आई म्हणाली, आगरातलं, म्हणजे मिठागरातलं, जाड मीठ आणायला काय झालं होतं तुला? म्हणून यंदा एप्रिलात मुद्दाम आगरवाड्याला गेलो. आम्ही गोव्यातल्या पेडण्याचेच, पण मिठागराच्या बांधावर मी पहिल्यांदाच उभा राहिलो, लाज वाटली जरा.

भरतीचं खारं पाणी मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, आत घेतात, तापोवणीच्या वाफ्यात ते उन्हानं आटतं, दाट होतं, मग मीठ धरायला पिकोवणीच्या वाफ्यात सोडतात. पिकोवणी हा शब्दच बघा, मीठ पण भातासारखं पिकतंच की. त्याआधी तळाचा चिखल पायांनी तुडवून तुडवून घट्ट करायचा. दुधावर साय धरावी तसा पाण्यावर पातळ पापुद्रा आलेला, एक बाबा लाकडी दांड्यानं तो मोडून मीठ हळूच कडेला ओढत होते, तळाचा चिखल न उकरता. तरी थोडा करडेपणा राहतोच, आणि नेमका तोच गिऱ्हाइकाला नको असतो! एक अवकाळी सर आली की तयार मीठ परत पाणी.

मिठागरं मागे पडली, त्याचा सगळा दोष आपण आयोडीनवाल्या पाकिटाला देतो. २००६ पासून साधं मीठ खाण्यासाठी विकायला देशभर बंदी आली, तो फटका आहेच. पण पहिला घाव त्याच्या कितीतरी आधीचा, १८७८ चा. पोर्तुगीज आणि इंग्रजांनी करार केला, गोव्यातल्या मिठाचा ताबा इंग्रजांकडे गेला, बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला ४ लाख रुपये आणि मुरगावची रेल्वे. इंग्रजांना ब्रिटिश हद्दीतला मिठाचा कर सांभाळायचा होता, आमचं स्वस्त मीठ घाटावर चोरून जाऊ नये एवढंच त्यांचं दुखणं. १८९२ मध्ये करार संपला, रेल्वे राहिली. शाळेत रेल्वेचं कौतुक ऐकलं, मिठाचं कोणी सांगितलंच नाही राव.

मीठ ओढणाऱ्या त्या बाबांना विचारलं, मुलगे येतात का कामाला? हसले फक्त, आणि पोत्याचं तोंड बांधायला घेतलं.

दहा किलो घेतलं. घरी पोचेपर्यंत डिकीतली मॅट खाऱ्या पाण्यानं भिजलेली, बायको अजून बोलतेय. तोर मात्र त्याच दिवशी घातले, बरणी पावसात पेजेबरोबर उघडणार.